राजाच्या वर न्याय : बायबलमधील राजे आणि संदेष्टे

प्राचीन पश्चिम आशियात राजा आणि न्याय यांचे नाते अत्यंत निकटचे मानले जात असे. बाबिलोनचा राजा हम्मुरबी याने इ. स. पूर्व अठराव्या शतकात कोरवून घेतलेला काळ्या पाषाणाचा स्तंभ १९०१-०२ मध्ये इराणमधील सूसा येथे उत्खननात सापडला. आज तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. स्तंभाच्या माथ्यावर न्यायाचा देव शमश आसनस्थ असून राजा त्याच्यापुढे नम्रपणे उभा आहे. त्याखाली नियम कोरलेले आहेत. बलवानाने दुर्बलास पीडा देऊ नये, अनाथ व विधवा यांना न्याय मिळावा, हा आपला हेतू राजाने तेथे नमूद केला आहे. तेव्हा राज्यकर्त्याने न्यायाने वागावे हा विचार प्रथम बायबलनेच मांडला, असे म्हणता येणार नाही. फरात नदीच्या काठच्या मारी या नगरीत सापडलेल्या मातीच्या पाट्यांत तर देवाच्या नावाने बोलणाऱ्या एका व्यक्तीचा निरोप आहे. गाऱ्हाणे घेऊन येणाऱ्या स्त्रीपुरुषांचा निवाडा राजाने केला पाहिजे, असे त्यात बजावले आहे.

तरीही बायबलच्या मांडणीत एक मूलभूत भेद आहे. हम्मुरबीची संहिता राजाच्या नावाने प्रसिद्ध झाली. बायबलच्या जुन्या करारातील एकही नियमसंहिता कोणत्याही राजाच्या नावावर नाही. दावीद आणि शलमोन हे इस्राएलचे सर्वांत कीर्तिमान राजे. परंतु नियमशास्त्राचे कर्तृत्व त्यांच्याकडे दिलेले नाही. सर्व नियम मोशेच्या द्वारे, रानात, म्हणजे इस्राएल लोकांना राज्य नव्हते, भूमी नव्हती आणि राजाही नव्हता अशा काळात परमेश्वराकडून मिळाले, असे हे ग्रंथ सांगतात. याचा अर्थ असा की कायदा आधी आणि राजा नंतर. जो कायद्याचा उगम नाही तो कायद्याच्या बाहेरही राहू शकत नाही. राजाला जाब विचारता येतो ही कल्पना या एका क्रमातून निघाली आहे.

हे ग्रंथ ज्या काळाचे वर्णन करतात त्या काळातच ते सर्व लिहिले गेले असे नव्हे. शमुवेल व राजे या ग्रंथांना त्यांचे अखेरचे रूप इ. स. पूर्व सहाव्या शतकात, यरुशलेमचा पाडाव होऊन लोक बाबेलला निर्वासित झाल्यानंतर मिळाले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. राज्य गेले होते, मंदिर जळाले होते, राजा बंदीवासात होता. अशा वेळी आपल्या राजांचा इतिहास लिहिणाऱ्यांपुढे एकच प्रश्न होता: हे असे का झाले? शत्रू बलाढ्य होता, एवढ्या उत्तरावर त्यांचे समाधान झाले नाही. त्यांनी प्रत्येक राजाचा हिशेब मांडला.

राजा मागण्यापूर्वीचा इशारा

राजपदाची कथाच मुळी एका इशाऱ्याने सुरू होते. शमुवेल हा इस्राएलचा न्यायाधीश वृद्ध झाला होता. त्याने आपल्या मुलांना न्यायाधीश नेमले. पण ते लाच खाऊ लागले व न्याय विपरीत करू लागले. तेव्हा वडीलधारी मंडळी रामा येथे शमुवेलाकडे आली आणि इतर राष्ट्रांप्रमाणे आम्हांलाही राजा नेमून दे, अशी त्यांनी मागणी केली. या मागणीत अवाजवी काही नव्हते. भ्रष्ट न्यायाधीशांना ते कंटाळले होते.

शमुवेलाने त्यांना राजा म्हणजे काय ते सांगितले. राजा तुमच्या मुलांना रथांपुढे धावायला लावील, शेत नांगरायला आणि शस्त्रे घडवायला नेईल. मुलींना सुगंधी द्रव्ये करण्यासाठी, स्वयंपाकासाठी व भाकरी भाजण्यासाठी ठेवील. उत्तम शेते, द्राक्षमळे व जैतुनाची बने घेऊन आपल्या सेवकांना देईल. धान्याचा व कळपांचा दहावा हिस्सा घेईल. आणि शेवटी तुम्ही त्याचे दास व्हाल. या निवेदनात ‘घेईल’ हे क्रियापद पुन्हा पुन्हा येते. राजा काय देईल, याविषयी एक शब्दही नाही.

लोकांनी ऐकले नाही आणि शौल राजा झाला. तथापि सत्ता सोडताना शमुवेलाने एक गोष्ट केली. नव्या राजाच्या समक्ष सर्व लोकांपुढे उभे राहून त्याने विचारले की, आपण कोणाचा बैल घेतला, कोणाचे गाढव घेतले, कोणाला नाडले, कोणाच्या हातून लाच घेतली ते सांगा. आपण ते परत करू. लोकांनी त्याला निर्दोष ठरविले. निवृत्त होणारा अधिकारी आपला हिशेब लोकांपुढे देतो आणि तो ऐकण्यासाठी नवा राजा तेथे हजर असतो, ही रचना सहेतुक आहे. राजालाही पुढे हेच प्रश्न विचारले जाणार होते.

राजाने स्वतः लिहावयाची प्रत

बायबलच्या पाचव्या ग्रंथाला मराठी बायबलमध्ये ‘अनुवाद’ असे नाव आहे. येथे या शब्दाचा अर्थ भाषांतर असा नसून आधी सांगितलेले पुन्हा सांगणे असा आहे. या ग्रंथाच्या सतराव्या अध्यायात राजासाठी काही नियम दिले आहेत. राजाने फार घोडे बाळगू नयेत, पुष्कळ बायका करू नयेत, सोन्यारुप्याचा मोठा साठा करू नये. घोडे म्हणजे लष्कर, बायका म्हणजे परराज्यांशी केलेले विवाहसंबंध आणि सोने म्हणजे कोषागार. राजसत्तेचे हे तिन्ही आधार येथे मर्यादित केले आहेत.

यापुढचा नियम अधिक लक्षणीय आहे. सिंहासनावर बसल्यावर राजाने नियमशास्त्राची प्रत स्वतःसाठी लिहून घ्यावी, ती जवळ ठेवावी व आयुष्यभर वाचावी. म्हणजे आपल्या भाऊबंदांहून आपण श्रेष्ठ आहोत असा गर्व त्याच्या मनात येणार नाही. राजाचे सर्वांत महत्त्वाचे कर्तव्य म्हणून येथे युद्ध वा यज्ञ सांगितलेला नाही. वाचन सांगितले आहे. प्रजेसाठी वापरलेला ‘भाऊबंद’ हा शब्दही हेतुपूर्वक योजलेला आहे.

शलमोनाच्या कारकिर्दीचे वर्णन या नियमांशी ताडून पाहण्यासारखे आहे. राजे या ग्रंथाच्या कथनानुसार त्याच्याकडे १,४०० रथ होते, ७०० राण्या व ३०० उपपत्नी होत्या आणि एका वर्षात ६६६ किक्कार सोने त्याच्याकडे येत असे. हे आकडे इतिहासाच्या कसोटीवर उतरतात किंवा नाही हा प्रश्न वेगळा. ग्रंथकर्त्याने ते कोणत्या नियमांपुढे मांडले आहेत हे महत्त्वाचे. त्याच्यानंतर त्याचा मुलगा रहबाम गादीवर आला, तेव्हा लोक शखेम येथे जमले आणि वेठबिगारीचे जू हलके करण्याची त्यांनी विनंती केली. वृद्ध मंत्र्यांनी राजाला सौम्यपणाचा सल्ला दिला. बरोबर वाढलेल्या तरुणांनी कठोर उत्तर देण्यास सांगितले. राजाने तरुणांचे ऐकले. वेठबिगारीवरचा अधिकारी अदोराम याला लोकांनी दगडमार करून ठार केले आणि राज्याचे दोन तुकडे झाले: उत्तरेस इस्राएल व दक्षिणेस यहूदा. ही घटना सामान्यपणे इ. स. पूर्व ९३० च्या सुमारास घडली असे मानतात.

दावीदापुढे नाथान

राजाला प्रत्यक्ष तोंडावर जाब विचारल्याचा सर्वपरिचित प्रसंग दावीदाच्या आयुष्यात घडतो. सैन्य अम्मोन्यांच्या राब्बा नगराला वेढा घालून बसले असता दावीद यरुशलेमातच राहिला होता. उरीया हित्ती या सैनिकाच्या पत्नीला, बथशेबाला, त्याने राजवाड्यात आणविले. ती गर्भवती राहिली. प्रकरण झाकण्यासाठी राजाने उरीयाला रणांगणावरून बोलावून घेतले आणि घरी जाण्यास सांगितले; पण सोबती मैदानात तळ देऊन असताना आपण घरी जाऊन सुख भोगणे त्या सैनिकाला रुचले नाही. तेव्हा राजाने सेनापती यवाब याला पत्र लिहिले: उरीयाला तुंबळ लढाईच्या तोंडी ठेवावे व मागे हटावे. हे पत्र त्याने उरीयाच्याच हाती पाठविले. उरीया मारला गेला.

यात राजाचा स्वतःचा हात कोठेच दिसत नाही. सैनिक युद्धात मरतात, हे कोणीही म्हणू शकले असते. नाथान संदेष्टा राजाकडे आला तो आरोप घेऊन नव्हे, तर एक फिर्याद घेऊन. एका श्रीमंताजवळ पुष्कळ शेरडेमेंढरे होती. एका गरिबाजवळ एकच कोकरी होती, ती त्याच्या ताटातले खाई व त्याच्या उराशी निजे. श्रीमंताकडे पाहुणा आला तेव्हा त्याने स्वतःच्या कळपाला हात न लावता गरिबाची ती कोकरी घेऊन पाहुणचार केला. दावीद संतापला. असा मनुष्य मरणास पात्र आहे, त्याने चौपट भरपाई केली पाहिजे, असा निकाल त्याने दिला. चोरलेल्या मेंढराबद्दल चार मेंढरे द्यावीत हा निर्गम या ग्रंथातील नियमच होता. निकाल लागल्यावर नाथानाने राजाला सांगितले की, तो मनुष्य दुसरातिसरा कोणी नसून आपणच आहात.

या प्रसंगातील न्यायाची पद्धत ध्यानात घेण्यासारखी आहे. राजा हा सर्वोच्च न्यायाधीश होता; त्याच्यावर खटला चालवील असे न्यायालय राज्यात नव्हते. म्हणून नाथानाने राजाच्याच न्यायासनापुढे राजाचा खटला चालविला. नाथानाजवळ सैन्य नव्हते. दावीदाने मनात आणले असते तर उरीयाची वाट नाथानालाही दाखविता आली असती. तसे न करता त्याने अपराध कबूल केला. पण कबुलीने परिणाम टळले नाहीत. बालक दगावले, पुढे अम्नोन व अबशालोम या राजपुत्रांचा घात झाला आणि मुलाच्या बंडामुळे राजाला राजधानी सोडून पळावे लागले.

येथे आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. राजघराण्याचा हा कलंक लपविणे अशक्य नव्हते. पुढील काळात रचलेल्या इतिहास या ग्रंथात राब्बाच्या वेढ्याची हकीकत आहे, परंतु बथशेबेचे प्रकरण वगळलेले आहे. शमुवेल ग्रंथाच्या कर्त्यांनी मात्र ते सविस्तर लिहिले, आणि हे दोन्ही ग्रंथ एकाच संग्रहात टिकून राहिले.

नाबोथाचा द्राक्षमळा

दावीदाच्या प्रसंगात अपराध एका व्यक्तीच्या वासनेचा होता. अहाब राजाच्या प्रसंगात राज्ययंत्रणाच गुन्ह्यात सामील झाली. अहाब हा उत्तरेकडील इस्राएल राज्याचा राजा. त्याची राजधानी शोमरोन येथे होती आणि यिज्रेल येथेही त्याचा वाडा होता. या वाड्याला लागून नाबोथ नावाच्या एका गृहस्थाचा द्राक्षमळा होता. राजाला तेथे भाजीचा मळा करावयाचा होता. त्याने बदल्यात दुसरा चांगला द्राक्षमळा किंवा रोख किंमत देऊ केली. व्यवहार म्हणून पाहिले तर यात जुलूम दिसत नाही.

नाबोथाने नकार दिला. ही वाडवडिलांची वतनभूमी आहे, ती देणे परमेश्वरासमोर योग्य नव्हे, असे त्याचे म्हणणे होते. लेवीय या ग्रंथात भूमी कायमची विकू नये, कारण ती परमेश्वराची आहे, असा नियम आहे. शेतकऱ्याकडे भूमी होती ती घराण्याची ठेव म्हणून. ती राजाने दिलेली नव्हती, म्हणून राजाला मागताही येत नव्हती. अहाबाने हे ओळखले होते. तो बिछान्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला आणि जेवेना. पण मळा बळकावण्याचा विचार त्याने बोलून दाखविला नाही.

राणी ईजबेल ही फिनिकी राजाची कन्या होती. राजा तो राजा आणि त्याला एक मळा मिळू नये, हे तिला समजेना. तिने अहाबाच्या नावाने पत्रे लिहिली, त्यांवर त्याची मुद्रा केली आणि ती नाबोथाच्या गावच्या वडीलधाऱ्यांना व प्रतिष्ठितांना पाठविली. उपासाचा दिवस जाहीर करावा, नाबोथाला लोकांत मानाच्या जागी बसवावे, त्याच्यासमोर दोन अधम माणसे बसवावीत आणि त्याने देवाला व राजाला शाप दिला अशी साक्ष त्यांच्याकडून देववावी. तसेच झाले. नाबोथाला गावाबाहेर नेऊन दगडमार करण्यात आला. राजे ग्रंथाच्या दुसऱ्या भागात नाबोथाच्या मुलांच्या रक्ताचाही उल्लेख येतो. म्हणजे वारसही उरले नसावेत.

या कृत्यात कायद्याचे प्रत्येक अंग वापरलेले आहे. मृत्युदंडासाठी दोन साक्षीदार हवेत, ते होते. देवनिंदा व राजनिंदा निषिद्ध होती. आरोप त्याचाच होता. निवाडा गावच्या वडीलधाऱ्यांनी केला, शिक्षा गावाबाहेर झाली, त्याआधी उपासही पाळला गेला. केवळ सत्य तेवढे नव्हते. पत्रे मिळालेल्यांपैकी एकानेही हरकत घेतल्याची नोंद नाही. राजसत्तेचा अन्याय बहुधा कायद्याच्या वेषातच येतो आणि त्याला अनेक सभ्य माणसांचे हात लागतात, हे या कथेने जितक्या स्पष्टपणे दाखविले आहे तितके प्राचीन वाङ्मयात क्वचितच आढळते.

अहाब मळ्याचा ताबा घेण्यासाठी गेला तेव्हा एलीया संदेष्टा तेथेच त्याला भेटला. त्याने राजाला दोन गोष्टींचा जाब विचारला: खून केलास आणि वर ताबाही घेतलास काय? पत्रे राणीची, साक्ष अधमांची, निकाल वडीलधाऱ्यांचा, दगड गावकऱ्यांचे; तरी दोषी राजाच ठरला. ज्याच्या मुद्रेने काम झाले आणि ज्याला लाभ झाला त्याने मला ठाऊक नव्हते असे म्हणून सुटता येत नाही, हे तत्त्व या निवाड्यात गृहीत आहे.

अहाबाने गोणपाट नेसून पश्चात्ताप केला, तेव्हा त्याच्या घराण्यावरची आपत्ती त्याच्या मुलाच्या काळापर्यंत लांबली. तो स्वतः रामोथ-गिलाद येथील लढाईत मारला गेला. वेष पालटून तो रणात उतरला होता. पण कोणीतरी सहज सोडलेला बाण त्याच्या चिलखताच्या सांध्यात शिरला. पुढे येहू या सेनाधिकाऱ्याने बंड करून अहाबाच्या मुलाला मारले आणि त्याचे प्रेत नाबोथाच्या शेतात टाकविले.

शिलालेखांची साक्ष

अहाब ही काल्पनिक व्यक्ती नव्हे. असिरियाचा राजा तिसरा शल्मनेसर याने इ. स. पूर्व ८५३ मध्ये कर्कर येथे झालेल्या लढाईचा वृत्तांत एका शिलास्तंभावर कोरविला होता. १८६१ मध्ये कुर्ख येथे सापडलेला हा स्तंभ ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात विरोधी आघाडीतील राजांमध्ये इस्राएलच्या अहाबाचे नाव असून त्याच्याकडे २,००० रथ व १०,००० पायदळ असल्याचे म्हटले आहे. म्हणजे समकालीनांच्या दृष्टीने अहाब हा प्रबळ राजा होता. शोमरोन येथील उत्खननात कोरीव हस्तिदंताचे पुष्कळ तुकडे मिळाले. त्यांवरून तेथील राजवैभवाची कल्पना येते. यिज्रेल येथे २०१३ मध्ये खडकात कोरलेला द्राक्षरस काढण्याचा प्राचीन कुंड उत्खननात उघड झाला. या परिसरात द्राक्षमळे होते एवढे त्यावरून कळते. नाबोथाची कथा त्यावरून सिद्ध किंवा असिद्ध होत नाही.

मात्र एक विसंगती विचार करण्याजोगी आहे. शल्मनेसराच्या स्तंभात अहाबाची ओळख रथांच्या संख्येने होते; बायबलमध्ये ती एका शेतकऱ्याच्या मळ्याने होते. कर्करच्या लढाईचा उल्लेखही बायबलमध्ये नाही. राजाच्या कारकिर्दीत काय नोंदविण्याजोगे आहे, याविषयी या दोन लेखनपरंपरांची मते अगदी भिन्न होती.

जाळलेली गुंडाळी

इ. स. पूर्व आठव्या शतकापासून संदेष्ट्यांची वचने लिहून ठेवली जाऊ लागली. आमोस हा यहूदातील तकोवा गावचा मेंढपाळ. तो उत्तरेकडील बेथेलच्या देवस्थानात जाऊन बोलला. दुसरा यराबाम तेव्हा राज्य करीत होता आणि राज्यात सुबत्ता होती. आमोसाने दरिद्र्यांची नाडवणूक, खोटी मापे व विकत घेतलेला न्याय यांवर टीका केली. देवस्थानाचा याजक अमस्या याने राजाला त्याविषयी कळविले आणि आमोसाला बजावले की, हे राजाचे देवस्थान आहे, येथे बोलू नकोस. ज्या ठिकाणी राजाच्या वरच्या न्यायाचे नाव घ्यावयाचे तेच ठिकाण राजाचे झाले होते.

त्याच आमोसाने शेजारच्या राष्ट्रांनाही दोषी ठरविले. मवाबाचा अपराध म्हणून त्याने सांगितले की, त्याने अदोमाच्या राजाची हाडे जाळून चुना केला. या कृत्यात इस्राएलचे काहीच नुकसान झाले नव्हते. तरीही ते दंडनीय ठरले, कारण हा न्याय एकाच जमातीपुरता नव्हता.

सुमारे दीड शतकानंतर यरुशलेमात यिर्मया उभा राहिला. यहोयाकीम राजा गंधसरूची तक्तपोशी आणि हिंगुळाचा रंग असलेला प्रशस्त वाडा बांधीत होता व कामकऱ्यांची मजुरी देत नव्हता. यिर्मयाने त्याला त्याच्या बापाची, योशीयाची, आठवण दिली. योशीया खाऊनपिऊन सुखी होता आणि दीनदुबळ्यांचा न्यायही करीत होता. मोठा वाडा बांधल्याने कोणी राजा होत नाही, असा त्याचा आशय होता.

मंदिरात केलेल्या भाषणाबद्दल यिर्मयावर मृत्युदंडाची मागणी झाली. त्या वेळी काही वडीलधारे उठले आणि त्यांनी एक पूर्वोदाहरण दिले: सुमारे शंभर वर्षांपूर्वी मीखानेही यरुशलेमच्या नाशाचे भाकीत केले होते, पण हिज्कीया राजाने त्याला मारले नाही, उलट ऐकले. नाबोथाच्या गावच्या वडीलधाऱ्यांनी जे केले नाही ते यांनी केले. यिर्मया वाचला. त्याच सुमारास उरीया नावाच्या दुसऱ्या एका संदेष्ट्याला मात्र मिसर देशातून पकडून आणून यहोयाकीमाने ठार मारविले. सत्य बोलणारा सुरक्षितच राहतो, असा दिलासा हा ग्रंथ देत नाही.

इ. स. पूर्व ६०४ च्या हिवाळ्यात यिर्मयाची वचने लिहिलेली गुंडाळी राजापुढे वाचण्यात आली. समोर शेगडी पेटलेली होती. तीन-चार स्तंभ वाचून झाले की राजा लेखनिकाच्या चाकूने तेवढा भाग कापी आणि आगीत टाकी. सबंध गुंडाळी जळून गेली. यिर्मयाने आपला लेखक बारूख याच्याकडून ती पुन्हा लिहविली आणि तीत आणखी भर घातली. ज्या राजाने नियमशास्त्राची प्रत जवळ ठेवून वाचावी, त्याने ग्रंथ जाळावा, हा विरोध वाचकाच्या लक्षात यावा अशीच ही कथा आहे.

न्याय लांबतो तेव्हा

ईश्वरी न्यायाची ही कल्पना अडचणींपासून मुक्त नाही, आणि त्या अडचणी बायबलने झाकलेल्याही नाहीत. दावीदाचा अपराध आणि मृत्यू बालकाला. अहाबाचा अपराध आणि नाश मुलाचा. हे न्याय्य कसे? मनश्शे राजाने यरुशलेम निर्दोष रक्ताने भरून टाकले, तरी त्याने ५५ वर्षे राज्य केले. नीतिमान योशीया मात्र वयाच्या ३९ व्या वर्षी, इ. स. पूर्व ६०९ मध्ये, मगिद्दो येथे मिसरच्या राजाकडून मारला गेला. इतिहास ग्रंथाने यावर तोड म्हणून मनश्शेला बंदिवासात पश्चात्ताप झाल्याचे सांगितले. राजे ग्रंथाला ती हकीकत ठाऊक नाही.

न्यायाच्या नावाने होणाऱ्या हिंसेचाही प्रश्न होता. येहूने अहाबाच्या घराण्याचा संहार केला तो संदेष्ट्याच्या आज्ञेने. पण पुढे होशेय संदेष्ट्याच्या ग्रंथात यिज्रेलच्या त्याच रक्तपाताबद्दल येहूच्या घराण्याला दोष दिलेला आहे. जुलमी राजाला उलथून टाकणाराही हिशेबातून सुटत नाही.

निर्वासितांमध्ये राहणाऱ्या यहेज्केल संदेष्ट्याने बापाच्या पापासाठी मुलाला दंड होणार नाही, ज्याचे कर्म त्याला, असे निःसंदिग्धपणे मांडले. त्याच्या ग्रंथाच्या अखेरीस भावी राष्ट्राचा जो आराखडा आहे त्यात अधिपतीला स्थान आहे. परंतु त्याने लोकांचे वतन घेऊन त्यांना घालवून देऊ नये, आपल्या मुलांना द्यावयाचे ते स्वतःच्या वतनातून द्यावे, असा स्पष्ट नियम आहे. नाबोथाचे नाव तेथे नाही; पण त्याच्यावरचा अन्याय पुन्हा घडू नये अशी तरतूद त्यात आहे.

इ. स. पूर्व ४४५ मध्ये इराणी सम्राटाचा सुभेदार म्हणून यरुशलेमला आलेल्या नहेम्याने हा विचार प्रत्यक्ष कारभारात आणला. दुष्काळ आणि राजाचा कर यांमुळे लोकांनी शेते गहाण टाकली होती, मुले दास्यात दिली होती. नहेम्याने सभा बोलावली, धनकोंना जाब विचारला, आपणही कर्जे दिली आहेत हे मान्य केले आणि गहाण जमिनी परत करविल्या. सुभेदाराला मिळणारा भत्ता त्याने १२ वर्षे घेतला नाही. येथे चमत्कार नाही, बाण नाही. शेतकरी आपले गाऱ्हाणे मोठ्याने मांडतात आणि अधिकारी ते ऐकतो, एवढेच आहे.

पुढील काळातील वाचन

इ. स. ३९० मध्ये रोमन सम्राट थिओडोसियस याच्या आज्ञेने थेस्सलोनिका येथे नागरिकांची कत्तल झाली. मिलानचा बिशप अँब्रोज याने सम्राटाला पत्र लिहून दावीदाचे उदाहरण दिले, आणि सम्राटाने जाहीर प्रायश्चित्त घेतले. परंतु हेच ग्रंथ राजांच्या बाजूनेही वाचले गेले. स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स याने १५९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात शमुवेलाच्या इशाऱ्याचा अर्थ असा लावला की, राजा कसाही असला तरी प्रजेने सोसले पाहिजे. १६४४ मध्ये सॅम्युएल रदरफर्ड या स्कॉटिश धर्मशास्त्रज्ञाने ‘लेक्स, रेक्स’ या ग्रंथात अनुवादाच्या सतराव्या अध्यायाचा आधार घेऊन कायदा राजाहून श्रेष्ठ असल्याचे प्रतिपादन केले. राजेशाहीची पुनःस्थापना झाल्यावर त्याचा ग्रंथ जाळण्यात आला.

एकाच ग्रंथातून इतके विरुद्ध अर्थ निघाले याचे कारण ग्रंथातच आहे. राजा परमेश्वराचा अभिषिक्त आहे, असे बायबल सांगते. दावीदाने शौलावर हात टाकला नाही तो याच श्रद्धेमुळे. पण ज्याने अभिषेक केला तो हिशेबही घेतो, हे तितक्याच आग्रहाने सांगितलेले आहे. यांतील पहिले वाक्य उचलून दुसरे सोडून देणे राजांना नेहमीच सोयीचे वाटले.

आधुनिक राज्यघटनांनी राजाला जाब विचारण्याचे काम न्यायालये, विधिमंडळे आणि मतदार यांच्याकडे सोपविले आहे. प्राचीन इस्राएलात यांपैकी एकही संस्था नव्हती. तेथे होता तो राजाहून जुना कायदा, तो आठवून देणारा एखादा माणूस आणि झालेले लिहून ठेवणारा लेखक. एवढ्या साधनांनी नाबोथ वाचला नाही. त्याचा मळाही त्याच्या घराण्याला परत मिळाल्याची नोंद नाही. परंतु तो देवनिंदेच्या आरोपाखाली मेला, ही राजदरबारची नोंद अखेर टिकली नाही. तो निर्दोष होता आणि त्याच्या रक्ताबद्दल राजा दोषी होता, हीच नोंद शिल्लक राहिली.